अजगर तिकडचा, घोरपड आपली

गेल्या पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर तीन पोरं एका मोबाईलवर वाकली होती. पडद्यावर अमेरिकेतला कुणी दाढीवाला कपाळाला बॅटरी बांधून रात्रीच्या गवतातून भलामोठा अजगर ओढून काढत होता. पुढच्या मिनिटाला तो अजगर सोललेला होता, त्याचे तुकडे उकळत्या तेलात पडत होते, आणि दाढीवाल्यानं एक तुकडा तोंडात टाकून अंगठा वर केला. त्यातल्या एका पोरानं मान वर करून मला विचारलं, ‘काकाजी, तिकडं अजगर मारला त सरकार पैसे देते. अन् आपल्याइथं घोरपडीले हात लावला त जेल. हा कोनता न्याय हाय?’

दुसरा हसला. ‘अन् लागते म्हनतात कोंबडीवानी.’

रानातलं काहीही खाल्लं की ते कोंबडीसारखं लागतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ससा, तितर, साळिंदर, घोरपड, सगळं कोंबडीसारखं. मग कोंबडीच खावी की, असं म्हणून मी विषय उडवला आणि चहाचे पैसे देऊन निघालो. पण पोराचा प्रश्न काही उडाला नाही. त्यात खरं तर दोन प्रश्न होते आणि त्यानं ते एकाच गाठोड्यात बांधले होते. एक, मारावं का? दुसरा, खावं का? व्हिडिओवाल्यानंही तेच केलं होतं. मारणं योग्य, म्हणून खाणंही योग्य. आणि खाता येतं, म्हणून मारायला हरकत नाही. ही गाठ सोडवल्याशिवाय त्या पोराला उत्तर देता येणार नाही.

आधी तो अजगर तिथं आला कसा ते पाहू. फ्लोरिडा हे अमेरिकेच्या मुख्य भूमीचं आग्नेय टोक. तिथल्या एव्हरग्लेड्स नावाच्या अफाट दलदलीत फिरणारा अजगर मूळचा ब्रह्मदेश आणि आसपासच्या देशांतला. पाळायला म्हणून तो हजारोंनी आणला गेला. हातभर लांबीचं देखणं पिल्लू घरात शोभून दिसतं, पण तेच पुढं पंधरा फुटांचं झालं की मालकाची हौस फिटते. कुणी रात्री गाडीतून नेऊन दलदलीत सोडलं. १९९२ साली अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ आलं, त्यात सापांची पैदास करणारी एक जागा उद्ध्वस्त झाली आणि तिथलेही अजगर बाहेर पडले असं सांगतात. २०१८ मधल्या एका अभ्यासात सुमारे चारशे अजगरांची जनुकं तपासली, तर तेरा अजगरांत आपल्याकडच्या भारतीय अजगराच्या खुणा निघाल्या. म्हणजे त्या मोबाईलवरच्या अजगरात आपल्या मुलखाचंही चार थेंब रक्त असू शकतं!

तिथं मोठ्या झालेल्या अजगराला खाणारं फारसं कुणी नाही, आणि तो मात्र सगळ्यांना खातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या उद्यानातल्या रॅकून या प्राण्याचं दिसणं ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. ऑपॉसम या दुसऱ्या प्राण्याचीही तीच गत. म्हणून सरकारनं शिकारीला पैसे लावले. २०१३ साली मोठी स्पर्धा भरवली, जवळजवळ सोळाशे लोक बंदुका आणि काठ्या घेऊन उतरले, आणि महिनाभरात सापडले ते ६८ अजगर. दलदलीत जनावर हजारोंनी, पण डोळ्यांना दिसेना.

मग जानेवारी २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या विद्यापीठानं तामिळनाडूतून दोन माणसं बोलावली. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल, दोघंही इरुला जमातीचे. हेलिकॉप्टर नाही, कसली यंत्रं नाहीत. हातात एक लोखंडी दांडा. वाळल्या गवताची मोडलेली दिशा, विष्ठा, बिळाच्या तोंडावरची घसरलेली माती, यावरून साप कुठं गेला आणि केवढा आहे ते ही माणसं सांगत. दोन आठवडे व्हायच्या आत त्यांनी तेरा अजगर धरले, त्यात सोळा फुटांची एक मादी होती. ज्यांचे आजे-पणजे सापाची कातडी विकून पोट भरत आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ज्यांचा तो धंदा बेकायदा ठरला, त्याच जमातीच्या या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मधल्या काळात, १९७८ मध्ये, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. साप धरायचा, विष काढून घ्यायचं आणि साप परत सोडून द्यायचा. दवाखान्यात सापाच्या विषावर जे प्रतिविष टोचतात, त्याच्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा या माणसांच्या हातून येतो. शिकाऱ्याचं ज्ञान तेच राहिलं, त्याचा वापर तेवढा बदलला. याच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

आता आपल्या धुऱ्यावर या. मंगरूळपीर तालुक्यातल्या या काळ्या जमिनीत नाग आहे, घोणस आहे, मण्यार आहे, धामण आहे, घोरपड आहे. यातला एकही बाहेरून आलेला नाही. सोयाबीन इथं यायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी इथं आहेत. धामण उंदीर खाते. घोरपड किडे, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर आणि गोगलगायी खाते. म्हणजे फ्लोरिडातल्या अजगराशी तिची बरोबरी लावायची तर ती रॅकूनच्या रांगेत बसते, अजगराच्या नाही. तिकडं उपऱ्याला मारायला पैसे देतात, इकडं घरच्याला मारल्यावर शिक्षा होते. न्याय एकच आहे. आपण त्याची बाजू उलटी धरतो.

उपरे आपल्याकडेही आहेत, पण ते सरपटत येत नाहीत, म्हणून कुणी त्यांचा व्हिडिओ काढत नाही. गाजरगवत पन्नाशीच्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज प्रत्येक धुऱ्यावर आहे. मक्यावरची लष्करी अळी २०१८ साली देशात आली. आणि गोगलगाय! आफ्रिकेतली ही मोठी शंखी गोगलगाय बेन्सन नावाच्या एका इंग्रज हौशी अभ्यासकानं १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. आज ती देशभर आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, तेव्हाच्या उस्मानाबादकडं कोवळं सोयाबीन तिनं रातोरात कुरतडून टाकलं, दुबार-तिबार पेरण्या झाल्या, पंचनामे झाले, मदतीच्या मागण्या झाल्या. शेतकरी पहाटे बादल्या घेऊन गोगलगायी वेचत होते. आणि त्या गोगलगायी फुकटात वेचणारं एक जनावर आपल्या धुऱ्यात बीळ करून राहतं, त्याला आपण कोंबडीवानी लागतं म्हणून मारतो.

कुणी म्हणेल, ठीक, घोरपड सोडा. पण जे खरंच उपरं आहे ते खाऊन संपवायला काय हरकत? हा विचार जगभर चालतो आणि ऐकायला गोड आहे. पोटही भरतं, पाहुणाही संपतो. पण भिगवणला जाऊन या. उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी मासा आहे, मूळ आफ्रिकेतला, देशात १९५२ साली आणलेला. माणसं तो दोन पिढ्या तळून खातायत आणि बाजारात अजून त्याचेच ढीग लागतात. कमी झाले ते मूळचे मासे. आफ्रिकी मांगूर तर देशात २००० सालापासून बंद आहे. तरी तो चोरून शेततळ्यांत वाढतो, कोंबड्यांच्या दुकानातल्या सडक्या घाणीवर पोसला जातो, मत्स्य खातं अधूनमधून धाड घालून खड्ड्यात पुरतं आणि चार महिन्यांनी तो पुन्हा बाजारात असतो. ज्याला गिऱ्हाईक मिळालं ते संपत नाही, त्याचं पीक होतं. उपऱ्याला एकदा किंमत आली की तो टिकावा असं वाटणारी माणसं तयार होतात. म्हणून मारायचा निर्णय मारण्याच्या कारणावर घ्यावा, चवीवर नाही.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी आपली एक फार जुनी समजूत आहे. रानातलं म्हणजे चोख. फार्मवरची कोंबडी इंजेक्शनवर वाढते, बकरा कुठला कोण जाणे, पण रानातलं जनावर रानचं खाऊन मोठं होतं, त्याच्या मांसात ताकद असते. घोरपडीचं तर विचारायलाच नको. कंबरदुखीवर घोरपड, सांधेदुखीवर तिची चरबी, अशक्तपणावर तिचं रक्त. शिकलेली माणसंही हे बोलताना आवाज खाली आणतात, म्हणजे त्यांना ते पटलेलं असतं.

पहिल्यांदा साध्या गोष्टी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जंतू सर्रास असतो आणि त्या प्राण्याला त्याचा सहसा काहीच त्रास नसतो. अमेरिकेत कासवाची छोटी पिल्लं हाताळून मुलं इतकी आजारी पडू लागली की १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी घातली. खाण्याचा तर प्रश्नही नव्हता, फक्त हाताळणं. २००७ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मांसाचा आढावा घेतला, तेव्हा धोक्यांमध्ये साल्मोनेला पहिल्या नंबरवर होता. चांगलं शिजवलं तर जंतू मरतो, हे खरं. पण पातेल्यात जायच्या आधी मांस सोललं जातं, ज्या पाटावर तुकडे होतात त्याच पाटावर मग कांदा चिरला जातो, आणि रस्सा उकळत असताना जंतू कोशिंबिरीत बसलेला असतो.

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं तर त्याहून वाईट. केरळात आणि मंगळूरच्या बाजूला डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला सूज आलेले असे रुग्ण नोंदवले आहेत, ज्यांनी काही दिवस आधी घोरपडीचं कच्चं मांस औषध म्हणून खाल्लं होतं. कारण एक कृमी. तो राहतो उंदराच्या फुप्फुसात, उंदराच्या लेंडीतून जातो गोगलगायीत, गोगलगाय खाल्ली की जातो घोरपडीत, आणि घोरपड खाल्ली की माणसात. माणसाच्या मेंदूपर्यंत तो पोचतो, पण तिथून पुढं फुप्फुसातल्या आपल्या घरी जाणं त्याला बहुधा जमत नाही, आणि तो मेंदूतच अडकून मरतो. हा प्रवास वाचला तेव्हा मला पहाटेच्या त्या बादल्या आठवल्या. या कृमीला सगळ्यात जास्त मानवणाऱ्या गोगलगायींमध्ये ती आफ्रिकी शंखीच आहे. ज्या उपऱ्यानं सोयाबीन खाल्लं, त्यालाच घोरपड खाते, आणि आपण ताकद येते म्हणून घोरपड खातो.

तरीही जंतू आणि कृमी हे आगीपुढे हरतात. आगीनं जे जळत नाही ते वेगळं. फ्लोरिडातल्या त्या अजगरांच्या मांसात पारा सापडला, आणि इतका की तिथली सरकारी खाती मारा म्हणतात, पण खाऊ नका म्हणतात. त्यामुळं तिकडचे बहुतेक शिकारी कातडी ठेवून मांस टाकून देतात. दाढीवाल्याच्या व्हिडिओत हा भाग नव्हता. आणि दलदलीतल्या सापात पारा येतो कुठून? अजगर कुठं थर्मामीटर चावत नाही. कोळसा जळतो, कचरा जळतो, त्याच्या धुरातला पारा पावसाबरोबर दलदलीत पडतो. बाजूच्या उसाच्या शेतांतून गंधकाचे क्षार वाहत येतात आणि त्यांच्यावर जगणारे जिवाणू त्या पाऱ्याला असं रूप देतात जे मांसात मुरतं. बारीक माशात थोडा, मोठ्या माशात जास्त, तो खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त, आणि असे पक्षी-प्राणी खाणारा, वीस वर्षं जगणारा अजगर म्हणजे सगळ्यांची बेरीज. तळा, उकडा, मसाला लावा, तो पारा तिथंच राहतो. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीतले पारा मुरलेले मासे खाऊन माणसं वाकडी झाली, हे १९५६ साली उघडकीला आलं; पोटातली मुलंही वाकडी झाली, हे त्यानंतर कळलं. तेही मासे ताजे होते आणि समुद्रातले होते.

आपल्याकडं पारा नसेल. पण प्रत्येक गावाच्या कृषी केंद्राच्या फळ्या आठवा. पेरणीच्या वेळी बियाण्याला लावायचं औषध, तणनाशक, मग पहिली फवारणी, दुसरी, तिसरी, तुरीवर वेगळी, हरभऱ्यावर वेगळी. उंदरासाठी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या, नाहीतर ब्रोमॅडिओलोनची वडी. ही वडी उंदराच्या काळजात साठून राहते आणि तो उंदीर ज्यानं खाल्ला त्याच्या काळजात जाते. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. हंगामातले चार दिवस पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाची ही गत होत असेल, तर त्याच वावरात बारा महिने पोटावर सरपटणाऱ्या, तिथलेच मेलेले किडे आणि झिंगलेले उंदीर खाणाऱ्या जनावराच्या अंगात काय साठत असेल? वधगृहातल्या बकऱ्याची पशुवैद्य निदान तपासणी करतो. घोरपड कुणी तपासत नाही. आजानं खाल्ली आणि तो नव्वद वर्षं जगला, हा दाखला मला नेहमी ऐकवला जातो. आजानं खाल्ली ती घोरपड ज्या वावरात वाढली, ते वावर आता राहिलेलं नाही.

हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. गिधाडांनी सांगितलं होतं. गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ काळं व्हायचं, ते माझ्या डोळ्यांसमोर बंद झालं. आम्ही म्हणायचो, रोग आला असेल. २००४ साली कळलं की जनावरांना दुखण्यावर टोचायचं डायक्लोफिनॅक ढोराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात जातं आणि ती मरतात. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. तेही मांस रानात उघड्यावर पडलेलं, ताजं, विनाशिक्क्याचंच होतं.

आता कायद्याचं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड आहे. मारणंच नाही, फास लावणं, पकडणं हेही शिकारच. हा कायदा असावा असं माझं मत आहे. पण तो पडतो कुणावर, हे पाहिलं की माझी जीभ अडखळते. वर्तमानपत्रात घोरपडीसह पकडलेल्याचा फोटो येतो तो बहुतेक वेळा पायात चप्पल नसलेल्या माणसाचा असतो. फार्महाऊसवर ज्यांच्यासाठी ती शिजणार असते त्यांचा फोटो येत नाही. २०१७ च्या सुमारास उघड झालं की पूजेच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘हाथाजोडी’ नावाची जी दुर्मीळ मुळी विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. ती तिजोरीत ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. ती विकत घेणारा माणूस भुकेला नव्हता.

भुकेल्याची गोष्ट वेगळी आहे. वऱ्हाडात फासेपारध्यांच्या ताटात तितर, लावा, ससा, घोरपड हे शौक म्हणून आलं नाही. १८७१ पासूनच्या कायद्यांनी इंग्रजांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला आणि पोलीस पाटलाच्या डोक्यातून निघाला नाही, त्यांना रानाशिवाय दुसरं दुकान नव्हतं. त्यांना ‘हे मांस सुरक्षित नाही’ असं सांगायला जाणारा माणूस आधी रेशनकार्डाबद्दल बोलला पाहिजे. पण याच मुलखात दुसरीही गोष्ट घडली आहे. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर अकोला-वाशीमच्या काही गावांतल्या फासेपारध्यांनी गवताळ माळ राखायला घेतले, तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राखायला घेतला. कुठल्या गवतात कुठला पक्षी अंडी घालतो हे त्यांना आधीच ठाऊक होतं, कारण फास तिथंच लावायचा असे. इरुलांचं जे झालं, तेच इथं लहान प्रमाणात होतंय. फरक एवढाच की इरुलांना पैसे देणारी संस्था आहे, आणि आपल्याकडे बीळ ओळखणाऱ्या माणसाला वनखातं साधा राखणदार म्हणूनही सहसा घेत नाही. ज्या दिवशी घोरपड दाखवल्याचे पैसे मारल्यापेक्षा जास्त मिळतील, त्या दिवशी पहिल्या अनुसूचीची कुणाला आठवणही काढावी लागणार नाही.

पंधरा दिवसांनी तोच पोरगा मला वावरात भेटला. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात काही नाही. सोयाबीनवर फवारणी चालली होती. वास घशात बसत होता. मी रुमाल नाकाला लावला तसा तो हसला. तेवढ्यात धुऱ्यावरच्या बोरीच्या मुळाशी काहीतरी हललं. हातभर लांब, मातकट, पाठीवर फिकट ठिपके. दुभंगलेली जीभ बाहेर, आत, बाहेर. ओल्या पानाखाली तिनं तोंड घातलं, कडकन आवाज आला. शंख फुटल्याचा. ती मान वर करून गिळत होती, आणि गळ्याची ती सैल कातडी प्रत्येक घोटाला खाली जात होती.

पोरानं पंपाचा दांडा मारायचं थांबवलं. नळीच्या टोकातून दोन-चार थेंब धुऱ्यावर पडले.

‘काकाजी,’ तो म्हणाला, ‘हिच्या अंगावर उडलं असंन का वं?’